कानशिलातले चार ठिपके

चोपड्याहून जळगावला किंवा साक्रीहून धुळ्याला स्कॅनसाठी निघणाऱ्या आईबापांना मी बजावून सांगतो, एसटीत लेकराला झोपू देऊ नका. रात्री उशिरापर्यंत जागवलेलं मूल इथे औषध पाजलं की गाढ झोपतं आणि एमआरआय नीट होतो. वाटेत झोप झाली तर ते टेबलावर हलतं आणि चित्र फिसकटतं.

"हाक मारी तरी देखस नही," सोबतची आजी सांगते. 'बापही उशिरा बोलला होता' म्हणत घरच्यांनी वर्ष-दीड वर्ष घालवलेलं असतं. ही वर्षं फार मोलाची. भाषा याच वयात रुजते. बहिरेपण बेरा या श्रवणचाचणीने ठरलेलंच असतं. आम्ही शोधायचं ते कारण, आणि कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र, उपयोगी पडेल का, याचं उत्तर.

सीटीत आधी कॉक्लिआचे, म्हणजे आतल्या कानातल्या शंखाचे वेढे मोजतो. ते साधारण अडीच असतात. कार्लो मोंदिनीने १७९१ मध्ये बोलोन्यात एका बहिऱ्या मुलाच्या मृत्यूनंतर हाड उघडून पाहिलं, तर दीडच वेढा होता. पण हाडातला दोष पाचांतल्या एखाद्याच मुलात दिसतो. बाकीच्यांचा बिघाड पेशींच्या पातळीवर, चित्राच्या आवाक्याबाहेर. रिपोर्टात 'नॉर्मल' वाचून घरचे हरखतात. त्यांना बसवून समजावतो : ऐकू येत नाही हे खरंच आहे, पण इम्प्लांटसाठी शंख चांगला आहे.

माझा जीव अडकलेला असतो तो एमआरआयच्या एका तिरक्या कापात. पांढऱ्या द्रवात चार काळे ठिपके. पुढे वर चेहऱ्याची नस, तिच्याखाली ऐकण्याची, मागे तोल सांभाळणाऱ्या दोन. ऐकण्याचा ठिपका सहसा चेहऱ्याच्या नसेहून ठसठशीत असतो. तोच नसेल तर इम्प्लांटचा संदेश मेंदूकडे जाणार कुठून? या नसेबद्दल अवाक्षर नसलेला रिपोर्ट मी अपुराच मानतो.

कधी वेस्टिब्युलर अ‍ॅक्विडक्ट ही बारीक नळी मध्यावर १.५ मिलिमीटरहून रुंद आढळते. अशा मुलाला डोक्यावरच्या किरकोळ मारानेही उरलंसुरलं ऐकू येणं एकदम कमी होऊ शकतं. बापाला सांगतो : जत्रेतली कुस्ती नको, मोटारसायकलवर हेल्मेट घाला, आणि गुरुजींना आजच भेटा, याच्या कानशिलात कधीही मारायचं नाही.