आयर्लंड सायकलवरून: बसच्या काचेआडचे गैरसमज

आयर्लंडच्या देखण्या रस्त्यांबद्दल जे लिहिलं जातं, त्यातलं बरंचसं मोटारीत किंवा टूरच्या बसमध्ये बसून लिहिलेलं असतं. बसमध्ये वारा लागत नाही, चढ जाणवत नाही, आणि पाऊस आला तर ड्रायव्हर वायपर लावतो, विषय संपला. तीच माहिती घेऊन कुणी सायकलवर टांग टाकली की गणित फिसकटतं. ज्याची धास्ती घेतलेली असते ते सहज निभावतं, आणि ज्याचा विचारही केलेला नसतो ते दम काढतं.

पहिली धास्ती अर्थातच पावसाची. ‘तिथे बारा महिने पाऊस, सायकल कसली चालवता?’ पाऊस आहेच, पण किती ते पाहू. देशाच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागात वर्षाला साधारण ७५० ते १,००० मिलिमीटर, पश्चिमेला १,००० ते १,४००, आणि डोंगरांत २,०००च्या वर. मुंबईत एका पावसाळ्यातच २,००० मिलिमीटरहून अधिक पडतो. आपला पाऊस चार महिन्यांत उरकून घेतो, तिकडचा वर्षभर पुरवून पुरवून पडतो, म्हणून त्याची बदनामी जास्त. एक मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पावसाचे दिवस पूर्वेला आणि आग्नेयेला वर्षाकाठी १५०च्या आसपास, तर पश्चिमेच्या काही भागांत सव्वादोनशेच्या घरात. पण दिवसाला पाऊस लागला म्हणजे दिवस भिजला असं नव्हे. मेट एरन ही तिथली हवामान संस्था सांगते की तासातासाच्या नोंदी घेतल्या तर तीनपैकी दोन नोंदींत मोजण्याजोगा पाऊस नसतोच. सर येते, झाडाखाली थांबायचं, सर जाते. बहुतेक भागांत एप्रिल सर्वांत कोरडा, दक्षिणेत बऱ्याच ठिकाणी जून. जूनमध्ये उजेड सतरा तासांचा असतो आणि पश्चिम किनाऱ्यावर सूर्य रात्री दहाच्या पुढे मावळतो, त्यामुळे दोन तास थांबून काढले तरी मुक्काम चुकत नाही. चांगलं जॅकेट घ्या आणि पावसाचा विषय डोक्यातून काढून टाका.

खरा प्रश्न वाऱ्याचा. तो कुणीच विचारत नाही, कारण बसला वारा नसतो. अटलांटिकवरून येणारा वारा बहुतांश नैऋत्य आणि पश्चिमेचा असतो. उघड्या द्वीपकल्पावर तो समोरून लागला की सपाट रस्त्यावरही घाटातले गिअर टाकावे लागतात. ‘वाइल्ड अटलांटिक वे’ हा पश्चिम किनाऱ्याचा प्रसिद्ध रस्ता माहितीपत्रकांत बहुधा उत्तरेकडून दक्षिणेकडे, म्हणजे डोनेगॉलमधल्या मालिन हेडपासून कॉर्कमधल्या किन्सेलपर्यंत मांडलेला असतो. सायकलस्वाराने तो खालून वर करावा. पाट्या दोन्ही दिशांना आहेत आणि पाठीचा वारा फुकट मिळतो. फेरी मारून परत यायचं असेल तर सकाळी अंगात ताकद असताना वाऱ्याच्या तोंडावर जावं आणि संध्याकाळी वाऱ्याबरोबर परतावं.

‘डोंगर फार उंच नाहीत, मग काय!’ हेही ऐकू येतं. आकडा खरा आहे. सर्वांत उंच कॅरनटूहिल सुमारे १,०४० मीटर. आपली कळसूबाई १,६४६. डिंगल द्वीपकल्पावरची नावाजलेली कोनर खिंड तर ५०० मीटरही भरत नाही. पण देशाचा नकाशा काठाच्या परातीसारखा आहे, मध्ये सपाट आणि कडेने उंच, आणि देखणे म्हणून गाजलेले बहुतेक रस्ते त्या काठावर आहेत. तिथे चढाची सुरुवात समुद्राच्या पातळीपासून होते, आणि वर पोचलात की पुन्हा समुद्राशी उतरायचं, लगेच पुढचा चढ. शिवाय बरेचसे जुने छोटे रस्ते वळणं घेत बसत नाहीत, नाकासमोर चढतात. एकेक चढ बघायला किरकोळ. दिवसअखेर बेरीज केली की कळतं. कोनर खिंडीचा उत्तरेकडचा भाग कड्याला चिकटून इतका अरुंद होतो की दोन टनांवरच्या वाहनांना तिथे बंदी आहे, म्हणजे टूरच्या बसही नाहीत. सायकलवाल्यांसाठी याहून चांगली पाटी असू शकत नाही.

इथून आपण मुख्य गैरसमजापर्यंत येतो: जो रस्ता सर्वांत प्रसिद्ध, तोच सायकलसाठी सर्वांत चांगला. ‘वाइल्ड अटलांटिक वे’ २०१४मध्ये सुरू झाला. सुमारे २,५०० किलोमीटर. तो आखला गेला तो प्रामुख्याने मोटारीने फिरणाऱ्यांसाठी. (ही योजना आकार घेत होती तेव्हा तिथलं वाहतूक आणि पर्यटन खातं लिओ वराडकरांकडे होतं; पुढे ते पंतप्रधान झाले. त्यांच्या वडिलांचं गाव वराड, मालवण तालुक्यातलं.) त्याचे काही तुकडे अप्रतिम आहेत, तर काही सरळसरळ हमरस्ते आहेत. ‘युरोव्हेलो १’ हा नॉर्वेपासून पोर्तुगालपर्यंतचा सायकलमार्ग याच किनाऱ्याने जातो, पण शक्य तिथे आतल्या शांत रस्त्यांनी. दोन्ही एकच समजू नयेत.

केरीच्या ‘रिंग’चंही तसंच. १७९ किलोमीटरची ही फेरी सायकलींसाठी गाजली ती १९८४पासून जुलैच्या पहिल्या शनिवारी होणाऱ्या धर्मादाय राइडमुळे. त्या दिवशी पहाटेपासून हजारो सायकली किलार्नीहून निघतात आणि रस्ता सायकलींचा होतो. एरवी जुलै-ऑगस्टमध्ये तो रस्ता बसगाड्यांचा असतो. बस घड्याळाच्या उलट दिशेने, किलार्नी-किलॉर्गलिन-काहिरसिव्हीन अशा जातात. त्याच दिशेने गेलात तर त्या मागून येतात, उलट गेलात तर अरुंद वळणावर समोर उभ्या ठाकतात. माझं मत विचाराल तर रिंग सोडावी आणि तिच्या आतबाहेरचे रस्ते घ्यावेत. पश्चिम टोकाला पोर्टमॅगी ते बॅलिन्सकेलिग्सचा ‘स्केलिग रिंग’ हा रस्ता मोठ्या बसना मानवत नाही. द्वीपकल्पाच्या पोटातली बॅलाबीमा खिंड जेमतेम एका गाडीच्या रुंदीची, आणि तिथे मेंढ्यांशिवाय कुणी वाट अडवत नाही.

आणि ‘गॅप ऑफ डन्लो’. किलार्नीच्या रॉस कॅसलपासून सकाळी उघड्या होड्या सुटतात. आधी सांगून ठेवलं तर सायकल आडवी ठेवून घेतात. तीन तळी पार करून होडी लॉर्ड ब्रँडन्स कॉटेजपाशी सोडते आणि तिथून खिंडीचा चढ सुरू होतो. माथ्यावरून पलीकडे उतरताना रस्त्याच्या कडेने एकामागून एक पाच छोटी तळी, दोन्ही बाजूंना काळे कडे, आणि समोरून पर्यटकांना घेऊन चढणाऱ्या घोडागाड्या. उतार आहे म्हणून सायकल सोडून देऊ नये. रस्त्यावर लीद असते, ओली लीद टायरखाली आली की ब्रेकचा उपयोग होत नाही, आणि घोडं बिथरलं तर गाडीवान तुमची खरडपट्टी काढतो, योग्यच करतो.

‘गावाकडचे रस्ते रिकामे, म्हणजे निर्धास्त’ हाही एक घोटाळा. रिकामे असतात हे खरं, पण दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेली झुडपांची कुंपणं नाहीतर दगडी गडगे, आणि वळणापलीकडचं काही दिसत नाही. सगळ्यात लहान रस्ते, ज्यांना तिथे बोरीन म्हणतात, त्यांच्या मधोमध गवताचा पट्टा उगवलेला असतो. ट्रॅक्टर आला की शेताच्या फाटकात सरकायचं आणि हात वर करायचा. ट्रॅक्टरवालाही स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो. अशा ग्रामीण स्थानिक रस्त्यांवर वेगमर्यादा कालपरवापर्यंत ताशी ८० किलोमीटर होती. ७ फेब्रुवारी २०२५पासून ती ६० झाली. नकाशावर रस्त्याच्या क्रमांकाआधीचं अक्षर बघायची सवय लावावी: एम म्हणजे मोटारवे, तिथे सायकलला बंदी, एन म्हणजे राष्ट्रीय रस्ता, परवानगी आहे पण मजा नाही, आर आणि एल हे आपले. वाहनं डावीकडूनच चालतात, त्यामुळे आपल्याला नव्याने शिकायचं काही नाही. दोघांनी शेजारी शेजारी चालवणं तिथे कायदेशीर आहे, हेल्मेटची सक्ती नाही (तरी घालाच), आणि सायकलस्वाराला धोकादायकरीत्या ओलांडणाऱ्या चालकाला २०१९पासून वेगळा दंड आहे.

पंक्चरही मोटारवाल्यांच्या लेखांत नसतं. पक्ष्यांच्या विणीच्या काळात, १ मार्च ते ३१ ऑगस्ट, कुंपणाची छाटणी कायद्याने एरवी बंद असते. सप्टेंबर लागला की यंत्रं बाहेर पडतात आणि हॉथॉर्नचे काटे रस्ताभर. डांबरावर खडी पसरून केलेला खरखरीत पृष्ठभागही अरुंद टायरला सोसत नाही. २८ किंवा ३२ मिलिमीटरचे टायर बरे. हवा भरलेला टायर १८८८मध्ये याच बेटावर, बेलफास्टमध्ये, जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकीला बसवून व्यवहारात आणला. तेव्हाचे तिथले रस्ते आठवून बघा, कारण लगेच कळेल.

‘अस्पर्श निसर्ग’ हा माहितीपत्रकांचा आवडता शब्दप्रयोग, आणि तो सर्वांत चुकीचा. पश्चिम कॉर्क आणि केरीत उन्हाळ्यात रस्त्यांच्या कडा लालभडक फुलांनी लगडलेल्या असतात. ते फ्यूशिया, मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. किलार्नीच्या जंगलांत मे-जूनमध्ये जांभळट फुलणारं ऱ्होडोडेंड्रॉनही बाहेरून आणलेलं, आणि ते जुन्या ओकच्या रानाखाली नवं रोप उगवू देत नाही. हिरवेगार उघडे डोंगर पूर्वी बऱ्याच ठिकाणी झाडीखाली होते. आज देशाच्या जेमतेम ११-१२ टक्के जमिनीवर जंगल आहे, त्यातही मोठा वाटा लागवडीचा.

रस्त्यांचंही तेच, बघायला म्हणून ते कुणी बांधले नव्हते. डब्लिनच्या दक्षिणेला विकलो डोंगरांतून सॅली गॅपकडे जाणारा सुंदर ‘मिलिटरी रोड’ १७९८च्या उठावानंतर बंडखोरांच्या पाठीवर सैन्य धाडता यावं म्हणून ब्रिटिशांनी केला. बेरा द्वीपकल्पावरची हीली खिंड, जिच्या माथ्यावरून खाली ग्लॅनमोर तळं दिसतं, ती १८४७मधलं दुष्काळी काम आहे. बटाट्याचं पीक रोगाने गेलं होतं, आणि धान्य फुकट न देता रस्ते खणायला लावून मजुरी द्यायची असं सरकारचं धोरण होतं. त्या वर्षीच्या मार्चमध्ये देशभर सात लाखांहून अधिक माणसं अशा कामांवर होती. त्यांतले कित्येक रस्ते कुठेही पोचले नाहीत. हा पुढे पुरा झाला, आणि आयरिश मुक्त राज्याचे पहिले गव्हर्नर जनरल टिम हीली यांचं नाव त्याला मिळालं.

मेयोतला लुईसबर्ग ते लीनॉन रस्ता मात्र मी सर्वांच्या वर ठेवीन. वेस्टपोर्टहून निघून क्रो पॅट्रिक डोंगराच्या पायथ्याने लुईसबर्गला जायचं, तिथून डूलॉखच्या दरीत शिरायचं. एका अंगाला काळं तळं, दुसऱ्या अंगाला उभा डोंगर, घर नाही की दुकान नाही. पुढे डेल्फी, किलरीची समुद्राची लांबच लांब चिंचोळी खाडी, लीनॉन, आणि संध्याकाळपर्यंत परत वेस्टपोर्ट. १८४९च्या मार्चअखेर याच वाटेने शेकडो उपाशी माणसं लुईसबर्गहून सुमारे वीस किलोमीटरवरच्या डेल्फी लॉजला चालत गेली होती. मदत हवी तर तिथे येऊन हजेरी द्या असा अधिकाऱ्यांचा हुकूम होता. त्या थंडीवाऱ्यात बरीच माणसं वाटेतच मेली. रस्त्याच्या कडेला साधा दगडी क्रूस आहे. त्यावर महात्मा गांधींचं वाक्य कोरलंय, दुसऱ्याची मानहानी करून माणसाला स्वतःचा सन्मान कसा वाटू शकतो, अशा अर्थाचं. पुष्कळ गाड्या तिथून न थांबता निघून जातात. सायकलने जाणाऱ्याला तो लांबूनच दिसत येतो.

‘ग्रीनवे म्हणजे लहान मुलांचं काम’ असं नाक मुरडणारे जाणते सायकलस्वार भेटतात. हे बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवरचे सायकलरस्ते, म्हणून चढ सौम्य. वॉटरफर्ड ते डन्गार्व्हन हा ४६ किलोमीटरचा मार्ग २०१७मध्ये खुला झाला. त्यात उंच कमानींचे पूल आहेत आणि ४०० मीटरचा बोगदा. वेस्टपोर्ट ते ॲकिल हा ४२ किलोमीटरचा, १९३७मध्ये बंद झालेल्या लायनीवरचा. तिथे सायकली भाड्याने देणारे तुम्हाला गाडीने ॲकिलला सोडतात. तसंच करावं, वारा पाठीला राहतो.

शेवटचा गैरसमज भारतीय पासपोर्टवाल्यांना थेट भोवणारा. आयर्लंड युरोपीय संघात आहे, पण शेंगेनमध्ये नाही. शेंगेन व्हिसावर तिथे उतरता येत नाही. आणि उत्तर आयर्लंड हा ब्रिटनचा भाग. दोहोंमधल्या सीमेवर फाटक नाही, चौकी नाही. पाट्यांवरचे किलोमीटर जाऊन मैल आले की समजायचं, देश बदलला. तपासणी नाही म्हणजे व्हिसा लागत नाही, असं मात्र नाही. ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना २०१५पासून भारतीयांना लागू आहे. व्हिसावर तशी नोंद असेल तर एकाच व्हिसावर दोन्हीकडे फिरता येतं, फक्त व्हिसा देणाऱ्या देशात आधी उतरावं लागतं. नोंद नसेल तर डोनेगॉलचा बेत जपून करावा. मालिन हेड हे आयर्लंड बेटाचं उत्तर टोक असलं तरी ते आयर्लंडमध्येच आहे, पण डब्लिनहून तिकडे जाणारे सरळ रस्ते आणि लेटरकेनीच्या बस उत्तर आयर्लंडमधून जातात. डोनेगॉलमध्ये रेल्वे नाही. तेव्हा डब्लिनहून स्लायगोपर्यंत रेल्वेने जावं. सायकलला भाडं नाही, पण डब्यात जागा मोजक्याच, म्हणून ती तिकिटाबरोबरच राखून ठेवावी लागते. स्लायगोहून बंडोरन, बॅलिशॅनन अशी चिंचोळी पट्टी धरून वर गेलं की सीमा ओलांडावीच लागत नाही, आणि वाराही बहुधा पाठीशी असतो.