पोटातल्या भाडेकरूंना काय आवडतं?

पुणे-सोलापूर रस्त्यावर यवत मागे पडलं की भांडगाव येतं. दौंड तालुक्याचा हा भाग उसाचा आणि गुऱ्हाळांचा. शेजारच्या खोरची ओळख अंजिरांची. थोडक्यात, गोडाचं माहेरघर! पण आपल्या पोटातल्या भाडेकरूंना, म्हणजे जीवाणूंना, या गोडातलं जवळजवळ काही मिळत नाही. साखर लहान आतड्यातच शोषली जाते आणि यांची मुख्य वस्ती असते पुढे, मोठ्या आतड्यात. तिथे पोचतं ते आपल्याला न पचलेलं: चोथा, सालं, तुरट-कडू द्रव्यं. गूळ ‘नैसर्गिक’ म्हणून चहात एक खडा जास्त टाकणाऱ्यांनी ऐकून ठेवावं, गुळातही बहुतांश साखरच असते. त्यापेक्षा अंजीर बरं, गोडाबरोबर चोथाही देतं.

भाडेकरू किती? सुमारे ३८ लाख कोटी. आपल्या स्वतःच्या पेशी साधारण ३० लाख कोटी. हा अंदाज २०१६ मधला. ‘जीवाणू पेशींच्या दहापट असतात’ आणि ‘त्यांचं वजन दोन किलो भरतं’ ही जुनी वाक्यं आता विसरा. सगळे मिळून पाव किलोही भरत नाहीत.

शिळ्या भाकरीला नावं ठेवू नका. भाकरी गार झाली की तिच्यातल्या थोड्या स्टार्चची ठेवण बदलते आणि आपले पाचकरस त्याच्यापुढे हात टेकतात. ते स्टार्च थेट मोठ्या आतड्यात जातं. जीवाणू ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना बहुतेक ऊर्जा याच आम्लातून मिळते. अशाच आम्लांमुळे आतड्यातून जीएलपी-१ हे संप्रेरक सुटायलाही मदत होते. सध्या गाजणारी वजन घटवणारी इंजेक्शनं याच संप्रेरकाची नक्कल करतात. आता ताकात कुस्करलेली भाकरी म्हणजे इंजेक्शन नव्हे, हे सांगायला नकोच.

कांदा आणि गडगडाट. कांद्या-लसणातलं फ्रुक्टान पचवणारं विकर माणसाकडे नाहीच. जीवाणूंकडे आहे. ते ताव मारतात, गॅस होतो आणि आपण मटकीला दोष देतो! मटकीही अगदी निर्दोष नाही म्हणा, तिच्यात रॅफिनोज नावाचं असंच न पचणारं द्रव्य असतं. पण भिजवून पाणी टाकलं, मोड आणले की ते बरंच कमी होतं. आजीला रॅफिनोज माहीत नव्हतं, मोड आणणं माहीत होतं.

डाळिंब सगळ्यांना सारखं लागू पडत नाही. त्यातल्या टॅनिनपासून काही जीवाणू युरोलिथिन-ए बनवतात. पेशींमधल्या जुन्या, थकलेल्या ऊर्जाकेंद्रांची साफसफाई या द्रव्याने सुधारते, असं प्रयोगांत दिसलं आहे. मात्र हे जीवाणू प्रत्येकाच्या पोटात नसतात. एकच भगवा जातीचं डाळिंब दोघांनी वाटून खाल्लं, तरी युरोलिथिन एकालाच मिळेल असंही होतं.

हळदीला मिरी हवी. हळदीतलं कर्क्युमिन रक्तात फार थोडं जातं. बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये त्याला मिऱ्यातल्या पिपेरीनची जोड दिली, तर रक्तात पोचणारं प्रमाण २००० टक्क्यांनी वाढलं. आतड्यात उरलेल्या कर्क्युमिनवर जीवाणू काम करतात आणि त्याची वेगळीच रूपं तयार होतात.

आता जीवाणूंपासून थोडं बाजूला, चरबी आणि मधुमेहाकडे. सडपातळ आहात? हरखू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! आपल्याकडे बारीक माणसांनाही मधुमेह का गाठतो, याचा एक धागा इथे आहे. याज्ञिकांच्याच गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला. ज्या पालेभाज्या आणि फळं अधिक वेळा खात, त्यांची बाळं जन्मतः मोठी होती.

आणि मेटफॉर्मिन? मधुमेहाच्या या गोळीचं मूळ युरोपातल्या गॅलेगा नावाच्या झुडपात आहे. त्यातल्या गॅलेजिनवरून सुरू झालेला शोध १९५७ मध्ये पॅरिसच्या डॉ. जाँ स्टर्न यांनी रुग्णांपर्यंत नेला. ती गोळी आतड्यातले जीवाणूही बदलते. गोळी घेणाऱ्यांचे जीवाणू उंदरांना दिले, तर उंदरांची साखर सुधारली. तेव्हा मेथी, ज्वारी, डाळिंब जरूर खा, पण त्यांच्या भरवशावर डॉक्टरांना न विचारता चालू गोळी बंद करू नका.