कुकडीकाठी तीनशे मिलिलिटरची बाटली

दिसायला ही बाटली साधीच. जाड काच, गळ्याभोवती पसरट कडा आणि काचेचंच, घासून घट्ट बसवलेलं बूच. त्या बुचाचं खालचं टोक तिरकं कापलेलं असतं आणि सगळं कसब त्या टोकात आहे. बूच दाबताना आत अडकलेला शेवटचा बुडबुडा त्या उतारावरून सरकत बाहेर निघून जातो. पाणी मावतं तीनशे मिलिलिटर. आळे, ओतूर, जुन्नर, मंचर अशा कुठल्याही गावच्या विज्ञान महाविद्यालयात प्रयोगशाळेचं कपाट उघडलं तर ती ओळीनं मांडलेली दिसेल. नाव बीओडी बाटली. नद्या, तलाव आणि धरणांच्या प्रदूषणावर आपल्याकडे आजवर जे संशोधन झालं, त्यातला मोठा हिस्सा या बाटलीतून गेलेला आहे.

ती भरताना घाई चालत नाही. बादलीनं पाणी काढून धो धो ओतलं की हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळतो आणि सगळी मेहनत वाया. म्हणून बाटली तिरकी धरून, गुळगुळ आवाज होऊ न देता, हळूहळू पाण्याखाली भरून घेतात. मग तिथेच बंधाऱ्याच्या कठड्यावर दोन रसायनं घालायची. एक मँगनस सल्फेट आणि दुसरं अल्कली-आयोडाइड-अझाइड. प्रत्येकी दोन मिलिलिटर, पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून. यातलं अझाइड जहाल विष आहे, त्यामुळे तोंडानं पिपेट ओढायची जुनी सवय इथे जिवावर बेतू शकते. बूच लावून बाटली दोन-चारदा उलटसुलट केली की आत साका धरू लागतो. पाण्यात प्राणवायू असेल तर साका तपकिरी, नसेल तर पांढरा. गावाचं गटार जिथे नदीला मिळतं तिथे भरलेल्या बाटलीत पांढरा साका उतरला, तर पुढचा हिशेब होईपर्यंत थांबायची गरजच उरत नाही.

एवढं झालं की प्राणवायू बांधला गेला. आता बाटली काही तासांनी प्रयोगशाळेत पोचली तरी चालतं. तिथे तीव्र सल्फ्युरिक आम्ल घातलं की साका विरघळतो आणि सुट्या झालेल्या आयोडीनमुळे पाणी पिवळं होतं. त्यातलं दोनशे मिलिलिटर चंबूत घ्यायचं, वरून ब्युरेटनं सोडियम थायोसल्फेट सोडायचं. रंग वाळक्या गवतासारखा फिका झाला की स्टार्चचे थेंब. पाणी एकदम निळंशार. मग पुन्हा थेंब थेंब, आणि अशाच एका थेंबाला निळा रंग नाहीसा होतो. थायोसल्फेट ०.०२५ नॉर्मल असेल तर ब्युरेटवर जितके मिलिलिटर वापरले गेले, तितकेच मिलिग्रॅम प्राणवायू एका लिटरात. गुणाकार-भागाकार काही नाही. ही सोय ज्यानं बसवली त्याला पिढ्यान्‌पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी दुवा दिला असेल.

पद्धत मुळात लायोश विंकलरची. बुडापेस्टच्या या रसायनशास्त्रज्ञानं ती १८८८ मध्ये मांडली. आता पाण्यात बुडवला की क्षणात आकडा दाखवणारे मीटर आले आहेत. पण त्या मीटरवर शंका आली की त्याची परीक्षा घ्यायला आजही विंकलरकडेच जातात.

बाटलीचं दुसरं काम अधिक महत्त्वाचं. एकाच जागच्या पाण्याच्या दोन बाटल्या भरतात. एकीतला प्राणवायू लगेच मोजायचा, दुसरी अंधाऱ्या इनक्युबेटरमध्ये ठरावीक तापमानात बंद करून ठेवायची. अंधार अशासाठी, की उजेडात शेवाळ प्राणवायू तयार करत बसेल आणि हिशेब चुकेल. पाण्यात मैला, मळी, कुजका भाजीपाला असं काही असेल तर जिवाणू ते खातात आणि खाताना प्राणवायू संपवतात. किती संपला तो आकडा म्हणजे बीओडी. स्वच्छ नदीचा लिटरमागे दोन मिलिग्रॅमच्या आत असतो, घरगुती सांडपाण्याचा दोनशे-तीनशेच्या घरात. मळीपासून अल्कोहोल काढणाऱ्या आसवनीच्या सांडपाण्याचा चाळीस-पन्नास हजारांपर्यंत जातो. असं पाणी हजारो पट पातळ केल्याशिवाय मोजताच येत नाही.

ही दुसरी बाटली किती दिवस ठेवायची? इंग्लंडमध्ये सांडपाण्यासाठी १८९८ मध्ये एक शाही आयोग नेमला होता. त्याच्या १९१२ च्या आठव्या अहवालानं पाच दिवस ठरवले. कारण असं सांगतात की तिकडची कुठलीही नदी पाच दिवसांत समुद्राला मिळते, मग त्यापुढची चिंता कशाला. पुढे जगभर २० अंश सेल्सिअसला पाच दिवस हा नियम झाला. आपल्याकडे २० अंश टिकवायचं म्हणजे उन्हाळाभर यंत्राची दमछाक, आणि आपल्या नद्यांना ते तापमान मानवतही नाही. म्हणून भारतीय मानक ब्युरोनं १९९३ च्या पद्धतीत २७ अंशाला तीन दिवस असा बदल केला. निकाल साधारण तोच येतो. शुक्रवारी ठेवलेली बाटली सोमवारी उघडते, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी कुणाला यावं लागत नाही, हा फायदा मानकात लिहिलेला नाही एवढंच.

कुकडी नदीला मात्र इंग्लंडचा पाच दिवसांचा हिशेब लावायचीच सोय नाही. नाणेघाटाच्या अलीकडे, पूर गावच्या कुकडेश्वराजवळ ती उगम पावते. माणिकडोहला अडते, ओझरच्या विघ्नहराच्या पायाशी येडगाव धरणाचा फुगवटा होऊन पसरते. पुढे आळ्याच्या दक्षिणेकडून जात, निघोजचे रांजणखळगे कोरत घोड नदीला मिळते. तिथून भीमा, उजनी, कृष्णा आणि मग कुठे बंगालचा उपसागर. वाटेत कालव्यांनी बरंच पाणी उचललेलं असतं. माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणं. त्यांच्या पाण्यावर जुन्नर-आंबेगावच नव्हे, तर शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंतच्या शेतांची आवर्तनं ठरतात. नदी म्हणून जे उरतं, ते कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमागे, ढापे टाकून, डबक्या-डबक्यांनी अडवलेलं पाणी.

याच नदीच्या पात्रात बोरीला ज्वालामुखीची राख सापडते. इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीची राख इथवर आली, आणि ती नेमक्या कोणत्या उद्रेकाची यावर भूशास्त्रज्ञ अजून भांडतात. त्या राखेसाठी लांबलांबचे अभ्यासक पात्रात उतरले. पाण्याचा अभ्यास करायला मात्र बहुतेक इथलेच उतरतात.

इथल्याच नव्हे, राज्यभरच्या महाविद्यालयांतून निघणाऱ्या अशा प्रबंधांचा एक ठरलेला साचा आहे. नदीवर किंवा तलावावर तीन जागा निवडायच्या, बारा महिने दरमहा नमुने घ्यायचे. सामू, कठीणपणा, क्लोराइड, विरघळलेला प्राणवायू, बीओडी, नायट्रेट, फॉस्फेट यांचे तक्ते करायचे, जोडीला प्लवकांची यादी. मोठ्या संस्थांतले लोक या साच्याला नाकं मुरडतात. मला तो नाकारावासा वाटत नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० पासून आहे, नागपूरची पर्यावरण संशोधन संस्था नीरी त्याच्याही आधीपासून, १९५८ पासून. पण मंडळाची नमुना केंद्रं मोठ्या नद्यांवरच्या ठरलेल्या जागी असतात. गावोगावच्या ओढ्यांची, पाझर तलावांची, बंधाऱ्यांची नोंद कुठे असेल तर ती या साचेबंद प्रबंधांत. देशातल्या नद्यांचे प्रदूषित पट्टे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०२२ मध्ये मोजले, ते निघाले ३११. त्यांतले ५५ एकट्या महाराष्ट्रात, सर्व राज्यांत जास्त. पुण्याच्या मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी त्यात आहेत. पट्टा प्रदूषित ठरवायला तिथेही बीओडीच लागतो. आंघोळीच्या पाण्याची मर्यादा लिटरला तीन मिलिग्रॅम, तिच्यावर गेलं की यादीत नाव.

माझी तक्रार आहे ती वेळेबद्दल. दुपारच्या उन्हात बंधाऱ्यामागच्या हिरव्या पाण्यात शेवाळ भरपूर प्राणवायू सोडत असतं. दोन वाजता भरलेल्या बाटलीत तो पाण्यात एरवी मावेल त्याहूनही जास्त निघू शकतो. रात्री तेच शेवाळ तो परत वापरतं आणि पहाटे आकडा तळाला जातो. तळ्यात मासे मरून वर येतात ते सकाळी, ते यामुळेच. चिलापी तेवढी तगते, तिला कमी प्राणवायू चालतो. एस.टी.नं अकराला पोचून, नमुना घेऊन, तीनच्या आत परत फिरणाऱ्या विद्यार्थ्याला नदीची ही पहाट कधीच भेटत नाही. वर्षाचंही तेच. नदी सगळ्यात आटलेली आणि घाण साकळलेली असते मे महिन्यात, आणि मे महिन्यात महाविद्यालयांना सुट्टी. बारा महिन्यांच्या तक्त्यात नेमका हाच रकाना सगळ्यात पातळ असतो.

आणि या भागातलं मुख्य दुखणं या बाटलीला दिसतच नाही.

आळे म्हटलं की वारकऱ्याला आठवते ज्ञानेश्वरांनी वेद वदवलेल्या रेड्याची समाधी, आणि ट्रकवाल्याला आळेफाटा, पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर रस्त्यांची चौफुली. शेतकऱ्याला आठवतो बाजार. आळेफाट्याचा कांदा, नारायणगावचा टोमॅटो, आजूबाजूची द्राक्षं. ही पिकं खादाड आहेत. युरिया, १०:२६:२६, ठिबकमधून सोडायची विद्राव्य खतं, आणि टोमॅटोला दर थोड्या दिवसांनी फवारणी. पिकानं न घेतलेला नत्र नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली उतरतो. इथला दगड काळा कातळ. पाणी मावतं ते वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत, आणि विहिरीला तेच झिरपतं. पहिला मोठा पाऊस झाला की वर्षभर जमिनीत साठलेलं खत विहिरीत. अशा पाण्याचा बीओडी काढला तर तो उत्तम येईल, कारण नायट्रेटमध्ये कुजण्यासारखं काही नाही. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. उकळलं तर ते आणखी दाट होतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवात हंटर कॉम्ली या डॉक्टरनं दाखवलं की विहिरीच्या पाण्यात कालवलेल्या वरच्या दुधावरची तान्ही बाळं निळी पडतात ती नायट्रेटमुळे. मर्यादेचा आकडा मुख्यतः त्या बाळांसाठी आहे.

गावात पाणी तपासलं जात नाही असं नाही. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल पावडर टाकतो, नळाच्या पाण्याची ओटी चाचणी घेतो. पाण्यात थेंब टाकले की पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन पोचलं. पावसाळ्याआधी आणि नंतर आरोग्य खातं पाणवठ्यांची पाहणी करून गावाला लाल, पिवळं नाहीतर हिरवं कार्ड देतं. कार्डाचा सगळा रोख साथीच्या रोगांवर, म्हणजे विहिरीला कठडा आहे का, जलवाहिनी गळते का, पावडरीचा साठा आहे का. गॅस्ट्रो आणि काविळीपासून गावं वाचली ती बरीचशी यामुळे. पण हिरव्या कार्डाच्या गावात नायट्रेट शंभरावर असेल तरी कार्ड हिरवंच राहू शकतं. लोकांनी आपला उपाय शोधलाय, आरओचा जार. लग्नाला, दशक्रियेला, आणि आता रोजच्यालाही. आरओ नायट्रेट काढतं हे खरं, पण ज्याला जार परवडतो त्याच्यापुरतंच.

कीटकनाशकांचं कोडं याहून अवघड. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले म्हणून युरोपनं भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडवले. शेतकऱ्यांच्या तोंडी सीसीसी, वेलीची वाढ आवरणारं औषध. बागायतदार हादरले. तेव्हापासून निर्यातीच्या द्राक्षाची अंशांसाठी तपासणी फार काटेकोर झाली. पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे त्यासाठीची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आहे. किलोमागे मिलिग्रॅमचा शंभरावा भाग शोधणारी यंत्रं तिथे चालतात. रॉटरडॅमच्या गिऱ्हाइकाच्या घडासाठी एवढी काळजी घेतली जाते, ती घेतलीच पाहिजे. त्याच बागेच्या बांधावरच्या विहिरीचं पाणी मात्र अशा यंत्रापर्यंत सहसा पोचत नाही. पिण्याच्या पाण्यातल्या कीटकनाशकांच्या मर्यादा भारतीय मानकात आहेत. युरोपात तर कुठल्याही एका कीटकनाशकाला लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅम इतकीच मुभा. हे मोजायचं यंत्र कोटीच्या घरातलं, तालुक्याच्या महाविद्यालयाला ते कुठून मिळणार? द्राक्षाचा नमुना मांजरीला जातो तशी विहिरीच्या पाण्याची बाटलीही वर्षातून एकदा जावी, एवढी व्यवस्था करणं काही कोटीचं काम नाही.

नायट्रेटला तर तेवढंही लागत नाही. जलजीवन मिशननं २०१९ नंतर गावोगावी पाच महिलांना पाणी तपासायचं शिकवलं, क्षेत्रीय तपासणी संच दिले. त्या डब्यात नायट्रेटची कुपी आहे. रंग तक्त्याशी जुळवला की अंदाज मिळतो आणि शंका आली तर नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत. जलसुरक्षक रोज टाकीपाशी जातोच. त्याच्या ओटीच्या वहीत एक रकाना वाढवायचा. मे महिन्यात एकदा, आणि पहिला मोठा पाऊस होऊन विहिरीची पातळी हात-दोन हात वर आली की आणखी एकदा, विहिरीच्या नावासह नायट्रेटचा आकडा लिहायचा. महाविद्यालयातल्या पुढच्या विद्यार्थ्याला प्रबंधासाठी ती वहीच द्यायची. त्याच्या तक्त्यात मे महिन्याचा रकाना मग भरलेला असेल.