अँटीव्हायरससोबत आलेला व्हीपीएन

महाड-पोलादपूरकडच्या घरांत व्हीपीएनचा विषय साधारण तीन वाटांनी शिरतो. मुलगा दुबईला किंवा शारजाला असतो, तिथून व्हॉट्सॲपवर कॉल लागत नाही आणि खोलीवरचं कुणीतरी त्याला सांगतं, 'व्हीपीएन टाक.' दुसरी वाट एमआयडीसीतली. कंपनीच्या लॅपटॉपवर व्हीपीएन लावल्याशिवाय ऑफिसचं काम उघडत नाही. आणि तिसरी, सगळ्यात नेहमीची: अँटीव्हायरसचं वर्ष भरतं, नवी की घ्यायला गेलं की दुकानदार म्हणतो, 'व्हीपीएनवालं देऊ का? थोडेच जास्त पडतील.'

कंपनीचा व्हीपीएन आधी बाजूला काढू. तो कंपनीच्या आतल्या नेटवर्कमध्ये शिरण्यासाठी असतो, कंपनीच देते, आणि त्यात निवडायला काही नसतं. त्या लॅपटॉपवर आपल्या मनाने दुसरा व्हीपीएन मात्र टाकू नये. दोघांची भांडणं होतात आणि आयटीवाल्यांचा फोन येतो.

उरला तो विकत घ्यायचा व्हीपीएन. तो अँटीव्हायरसच्या पाकिटातला घ्यावा की वेगळा, हे ठरवण्याआधी दोन्ही वस्तू काय काम करतात ते पाहिलं पाहिजे, कारण दोघांची कामं मुळातच वेगळी आहेत. अँटीव्हायरस तुमच्या मशीनच्या आत बसतो. पेनड्राइव्हमधून, मेलमधून, डाउनलोड केलेल्या फाइलमधून काय आलं ते तपासतो आणि घातक असेल तर अडवतो. व्हीपीएनला फाइलमध्ये काय आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं. तुमच्या मशीनपासून दूरच्या एका सर्व्हरपर्यंतचा रस्ता तो झाकून टाकतो, एवढंच त्याचं काम. व्हीपीएन चालू ठेवून व्हायरस असलेली फाइल उतरवली तर ती तितक्याच सुखरूप तुमच्या घरी पोचते.

महाराष्ट्रात अँटीव्हायरस तालुक्याच्या गावापर्यंत पोचला तो असाच दुकानांतून. सातारा जिल्ह्यातून पुण्यात स्थिरावलेल्या घरातल्या कैलास काटकर यांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली, धाकटे बंधू संजय यांनी व्हायरस काढण्याचा प्रोग्रॅम लिहिला, आणि १९९०च्या दशकात 'क्विक हील' उभं राहिलं. २०१६ साली ती कंपनी शेअर बाजारात आली. मशीन दुरुस्त करणारा माणूसच अँटीव्हायरस विकतो, ही पद्धत तेव्हापासून रुळलेली आहे. त्यामुळे व्हीपीएनबद्दलचा सल्लाही आपण त्यालाच विचारतो. त्यात गैर काही नाही, फक्त त्याच्याकडे पाकिटं असतात. वेगळ्या व्हीपीएनचं वर्षाचं सबस्क्रिप्शन ऑनलाइन घ्यावं लागतं, त्यात दुकानदाराला काही सुटत नाही.

आता रस्त्याकडे. तुम्ही मोबाइलवर बँकेची साइट उघडता तेव्हा पत्त्याच्या सुरुवातीला 'एचटीटीपीएस' असतं. म्हणजे पासवर्ड, शिल्लक, काय टाइप केलं, हे सगळं आधीच सांकेतिक रूपात जातं. वाटेतल्या कुणाला, अगदी इंटरनेट देणाऱ्या कंपनीलाही, ते वाचता येत नाही. पण तुम्ही कुठल्या साइटवर गेलात, किती वाजता, किती वेळ, हे त्या कंपनीला दिसतं. पाकिटावरचा पत्ता पोस्टमन वाचतो, आतलं पत्र नाही, तसं. व्हीपीएन काय करतो? तुमचं पाकीट आणखी एका मोठ्या पाकिटात घालून मुंबईच्या आतेभावाच्या पत्त्यावर धाडतो. गावच्या पोस्टमनला फक्त आतेभावाचा पत्ता दिसतो. आतेभाऊ बाहेरचं पाकीट फोडतो, आतलं पाकीट पुढे टाकतो, उत्तर आलं की परत तसंच पाठवतो.

म्हणजे पोस्टमनला जे कळत होतं ते आता आतेभावाला कळतं. सगळी गोम इथे आहे. व्हीपीएन घेतल्याने तुमची माहिती दिसायची थांबत नाही, बघणारा बदलतो. तेव्हा अँटीव्हायरसच्या पाकिटातला की वेगळा, या प्रश्नाचा खरा अर्थ असा, की हा बघणारा कोण असावा.

'अँटीव्हायरसवाली कंपनी आहे म्हणजे विश्वासाचीच असणार' हे वाक्य इथे फार वेळा ऐकू येतं. अव्हास्टचं उदाहरण यासाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे. जगभर कोट्यवधी मशीनवर असलेला हा अँटीव्हायरस. ग्राहक कुठल्या साइटवर गेले याच्या नोंदी जम्पशॉट नावाच्या त्यांच्याच उपकंपनीमार्फत विकल्या जात होत्या. जानेवारी २०२०मध्ये पत्रकारांनी ते उघडकीला आणलं, तेव्हा जम्पशॉट बंद करण्यात आली. फेब्रुवारी २०२४मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलरची भरपाई मागितली आणि जाहिरातींसाठी असा डेटा विकायला बंदी घातली. हा डेटा व्हीपीएनमधून नव्हे, अँटीव्हायरसमधून आणि ब्राउझरला जोडलेल्या एक्स्टेन्शनमधून गोळा झाला होता. म्हणजे ज्याला राखणीला ठेवलं तोच वही लिहीत होता.

तसं करणं अँटीव्हायरसला सोपं का जातं, तेही पाहू. बऱ्याच अँटीव्हायरसमध्ये वेब तपासणीची सोय असते. एचटीटीपीएसच्या आत काही घातक तर येत नाही ना हे बघायचं म्हणून तो मशीनमध्ये स्वतःचं प्रमाणपत्र बसवतो, रहदारी मधेच उघडतो, तपासतो आणि पुन्हा बंद करून पुढे देतो. इंटरनेट कंपनीलाही न दिसणारं आतलं पत्र त्याला दिसू शकतं. ते पाहून तो काही करतोच असं नाही, पण पाहू शकतो.

यावरून दोन उलट निष्कर्ष निघतात आणि दोन्ही खरे आहेत. पहिला: सगळ्या किल्ल्या एकाच्याच हातात नकोत, म्हणून व्हीपीएन वेगळ्या कंपनीचा घ्यावा. दुसरा: अँटीव्हायरसवाल्याला एवीतेवी सगळं दिसतंच आहे, मग आणखी एक बघणारा कशाला वाढवा? माझं झुकतं माप पहिल्याकडे आहे, पण अट घालून. वेगळी कंपनी खरोखर तपासून घेतलेली असेल तरच. फुकट म्हणून प्ले स्टोअरवरून पहिलं दिसेल ते उतरवलं, तर पाकिटातला व्हीपीएन शंभर पटींनी बरा. फेसबुकने २०१३मध्ये ओनाव्हो नावाची कंपनी घेतली आणि तिचा फुकट व्हीपीएन लोकांना दिला. लोक फोनवर कुठली ॲप किती वापरतात हे फेसबुकला त्यातून कळत होतं. होला नावाच्या फुकट सेवेबद्दल २०१५मध्ये कळलं, की एका ग्राहकाची रहदारी दुसऱ्या ग्राहकाच्या घरच्या कनेक्शनमधून बाहेर सोडली जाते. पोलिसांनी आयपी पत्ता शोधत यायचं ठरवलं तर ते कुणाच्या दारात उभे राहतील?

विकतच्या वेगळ्या सेवांचाही मालक कोण ते बघावं लागतं. एक्स्प्रेसव्हीपीएन २०२१मध्ये केप टेक्नॉलॉजीज या कंपनीने ९३.६ कोटी डॉलरला घेतला. नॉर्ड आणि सर्फशार्क या दोघांनी २०२२मध्ये एकत्र येत असल्याचं जाहीर केलं. उलट बाजूला मलवाडसारखी स्वीडनची कंपनी आहे. ती नाव विचारत नाही, ईमेल विचारत नाही, फक्त एक खाते क्रमांक देते. एप्रिल २०२३मध्ये स्वीडिश पोलीस तिच्या कचेरीत झडतीला गेले आणि ग्राहकांची माहिती मुळात साठवलेलीच नाही हे कळल्यावर रिकाम्या हातांनी परतले. 'आम्ही नोंदी ठेवत नाही' असं सगळेच लिहितात. ते असं तपासलं जाण्याची वेळ फार थोड्यांवर येते. म्हणून निदान बाहेरच्या संस्थेकडून ऑडिट करून घेतलं आहे का, आणि त्याचा अहवाल वाचायला ठेवला आहे का, एवढं तरी बघावं.

पाकिटातल्या व्हीपीएनची दुसरी गंमत अशी की तो बऱ्याचदा त्या कंपनीचा नसतोच. बिटडिफेंडरने आपला व्हीपीएन हॉटस्पॉट शील्डच्या जाळ्यावर उभा केला. मॅकाफीने २०१८मध्ये टनेलबेअर ही कॅनडाची सेवाच विकत घेतली. म्हणजे पाकिटावर नाव एकाचं, आतेभाऊ दुसऱ्याचा. हे लपवलेलं नसतं, पण गोपनीयता धोरणाच्या पानात खोलवर असतं. शिवाय 'व्हीपीएनसह' या शब्दांत किती व्हीपीएन हे येत नाही. बिटडिफेंडरच्या साध्या योजनांत बराच काळ दिवसाला २०० एमबीच मिळत आले. मोबाइलवर थोडा वेळ व्हिडिओ पाहिला की ते संपतात. पूर्ण व्हीपीएन हवा तर वरची योजना घ्यावी लागते. अँटीव्हायरस पाच मशीनना आणि व्हीपीएन एकालाच, असाही प्रकार असतो. पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचावीत, ती इथेच असतात.

फुकटातही सगळं टाकाऊ नाही. स्वित्झर्लंडच्या प्रोटॉनची फुकट योजना डेटाची मर्यादा घालत नाही. देश आणि वेग मात्र ते ठरवतील तेच.

भारतात २०२२पासून आणखी एक गोष्ट मधे आली. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ला निर्देश काढले. व्हीपीएन देणाऱ्याने ग्राहकाचं नाव, पत्ता, संपर्क क्रमांक, ईमेल, दिलेला आयपी पत्ता आणि सेवा कशासाठी घेतली, हे सगळं ५ वर्षं जपून ठेवायचं. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला यातून सूट मिळाली. नोंदी न ठेवण्यावरच ज्यांचा धंदा, त्या एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्ड, प्रोटॉन यांनी भारतातले आपले सर्व्हर हलवले. व्हीपीएन वापरणं यामुळे बेकायदा झालं नाही. पण अशा सेवांच्या यादीत 'भारत' असं दिसणारा सर्व्हर बहुतेकदा सिंगापूरसारख्या ठिकाणी असतो आणि त्याला फक्त भारतातला आयपी पत्ता दिलेला असतो.

याचा वेगावर परिणाम होतो, आणि आपल्याकडे तो जास्त जाणवतो. मुंबई ते सिंगापूर सरळ अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन किमान ४० मिलिसेकंद नुसत्या अंतराचेच. प्रत्यक्षात केबल वाकडीतिकडी जाते, त्यामुळे त्याहून जास्तच. गावात बसून महाडच्या साइटवर जायचं असलं तरी पाकीट आधी सिंगापूरला जाऊन येणार. साइट वाचायला याने फरक पडत नाही. व्हिडिओ कॉलवर पडतो.

त्याहून मोठा त्रास रेंजचा. महाडच्या बाजारपेठेत सगळं सुरळीत चालतं, पण पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे वळलं किंवा आतल्या एखाद्या वाडीत गेलं की रेंज येते-जाते. प्रत्येक वेळी रेंज गेली की व्हीपीएनचा बोगदा, म्हणजे तो झाकलेला रस्ता, तुटतो. चांगल्या सेवेत 'किल स्विच' असतो: बोगदा तुटला की पुन्हा जोडला जाईपर्यंत तो इंटरनेटच बंद ठेवतो, म्हणजे उघड्यावर काही जात नाही. तो नसेल तर व्हीपीएन तुटलेला तुम्हाला कळतही नाही आणि सगळं नेहमीच्या रस्त्याने चालू राहतं. पाकिटातल्या साध्या व्हीपीएनमध्ये ही सोय असेलच असं नाही; कधी ती फक्त विंडोजवर असते, फोनवर नसते. सेटिंगमध्ये वायरगार्ड ही पद्धत निवडायला मिळाली तर तीच निवडावी. टॉवर बदलला किंवा वाय-फायवरून मोबाइल डेटावर गेलं तरी ती जुन्या ओपनव्हीपीएनपेक्षा लवकर सावरते, आणि बॅटरीही कमी खाते.

आता आखातातला मुलगा. कॉलची अडवणूक त्याच्या बाजूच्या नेटवर्कवर होते, त्यामुळे आईने गावाकडच्या फोनवर व्हीपीएन टाकून काही उपयोग नाही. आणि त्याने तिथे टाकावा असं सांगण्याआधी त्या देशाचा कायदा वाचावा. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१च्या सायबर कायद्यात, गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी दुसऱ्याचा आयपी पत्ता वापरला तर कैद, ५ लाख ते २० लाख दिरहम दंड किंवा दोन्ही आहे. नुसता व्हीपीएन असणं हा गुन्हा नाही, पण बंदी असलेल्या कॉलसाठी तो वापरणं त्या रेषेच्या कुठल्या बाजूला येतं, हे ठरवायला पगारदार माणसाने आपली नोकरी पणाला लावू नये. तिथे परवानगी असलेली बोटिमसारखी ॲप आहेत. गावाकडच्या फोनवर तेच टाकून दिलं की प्रश्न मिटतो. इथे ना पाकिटातला व्हीपीएन हवा, ना वेगळा.

फसवणुकीच्या भीतीने व्हीपीएन घेणाऱ्यांसाठीही तेच. वीजबिलाचा खोटा मेसेज, केवायसीचा फोन, 'डिजिटल अरेस्ट'ची धमकी, यांत माणूस स्वतःच ओटीपी सांगतो किंवा पैसे पाठवतो. झाकलेल्या रस्त्याने पाठवले तरी ते जातातच. तिथे खोट्या साइट अडवण्याची अँटीव्हायरसची सोय थोडी कामाला येते आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर जास्त. पैसे गेल्यावर तासाभरात फोन केला तर ते मधेच गोठवले जाण्याची शक्यता असते. उलट व्हीपीएन परदेशी सर्व्हरवर लावून ठेवला तर काही बँकांची ॲप आणि सरकारी साइट उघडतच नाहीत. त्यासाठी 'स्प्लिट टनेलिंग' असतं, म्हणजे बँकेच्या ॲपला बोगद्यातून वगळायचं. वेगळ्या सेवांत ते बहुधा मिळतं, पाकिटातल्यांत असेलच असं नाही.

म्हणून माझा हिशोब असा. एसटी स्टँडवर, लॉजवर, हॉस्पिटलात कधीमधी दुसऱ्याचं वाय-फाय वापरता आणि अँटीव्हायरस तुम्ही घेणारच आहात, तर त्यातला व्हीपीएन पुरे. त्यासाठी वेगळे पैसे घालू नयेत. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर हा अँटीव्हायरस आधीच असतो, त्यामुळे केवळ व्हीपीएन मिळतो म्हणून अख्खं पाकीट घेणं हा उलटा व्यवहार आहे. तुम्ही बातमीदार असाल, माहिती अधिकारात कुणाच्या मागे लागलेले असाल, किंवा आपण काय वाचतो हे इंटरनेट कंपनीला कळू नये असं वाटत असेल, तर वेगळीच सेवा घ्यावी, ऑडिट झालेली, आणि वर्षाची घेण्याआधी महिन्याची.

पैसे भरताना ऑटोपेचा टिक काढून टाका. पहिल्या वर्षीची किंमत सवलतीची असते, दुसऱ्या वर्षी ती दुपटीच्या वरही जाते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने खात्यातून रक्कम कापण्याआधी २४ तास मेसेज यायला हवा, पण १५ हजारांपर्यंतच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागत नाही, आणि तो मेसेज जाहिरातींच्या ढिगात सहज हरवतो.

घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात, पैसे परत मिळण्याची मुदत चालू असतानाच, तपासून घ्या. व्हीपीएन बंद असताना आयपी पत्ता दाखवणारी कुठलीही साइट उघडा आणि आकडा लिहून ठेवा. चालू करून पुन्हा बघा, बदलला पाहिजे. मग 'डीएनएस लीक टेस्ट' असं शोधून ती चाचणी लावा. त्यात तुमच्या मोबाइल कंपनीचं नाव दिसलं तर व्हीपीएन गळतो आहे. शेवटी व्हीपीएनचा सर्व्हर बदला आणि मधल्या काही क्षणांत आयपी पत्त्याची साइट पुन्हा पुन्हा उघडून बघा: तुमचा मूळ आकडा एकदाही दिसला नाही तर किल स्विच काम करतो आहे. मूळ आकडा दिसला तर सेटिंगमध्ये जाऊन किल स्विच चालू आहे का बघा, आणि सोयच नसेल तर परताव्याचा अर्ज त्याच दिवशी टाका.