एका स्क्रूची परीक्षा

इम्प्लांट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू येतो. मी बनवते ती वस्तू त्याच्या वर बसते आणि पेशंटला कधीच दिसत नाही. चार-पाच इम्प्लांट एकत्र बांधणारा धातूचा सांगाडा, म्हणजे फ्रेमवर्क. दात चढतात ते याच्यावर. सदाशिव पेठेतल्या आमच्या डेंटल लॅबमध्ये कॅम्पातून, कोथरूडहून, धनकवडीहून मापं येतात. प्रत्येक केसमध्ये माझा जीव एकाच गोष्टीत अडकलेला असतो: फ्रेमवर्क आपसूक बसलं पाहिजे, ओढूनताणून नाही.

खरा दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ थर असतो. त्यामुळे दात १०० मायक्रॉनपर्यंत, म्हणजे साधारण केसाच्या जाडीएवढा, हलू शकतो. खऱ्या दातांवर बसवलेल्या ब्रिजमध्ये थोडं उणं-अधिक असलं तरी तो सांभाळून घेतो. इम्प्लांटभोवती हा थर नसतो. स्वीडनच्या ब्रॅनेमार्क यांनी टायटॅनियमशी हाड थेट जुळतं हे दाखवलं आणि १९६५ मध्ये पहिल्या पेशंटच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. ही घट्ट जुळणीच इम्प्लांटचं बळ आहे. पण त्यामुळेच तो फ्रेमवर्कची चूक पोटात घालत नाही. स्क्रू आवळून चुकीचं फ्रेमवर्कही खाली बसवता येतं, पण ताण आत तसाच राहतो. पुढे स्क्रू सैल होतात, कधी तुटतात, पोर्सेलिनचा टवका उडतो.

ही चूक शिरते कुठून? मापापासूनच. त्यानंतर मेण, कारण फ्रेमवर्कचा नमुना आधी मेणात घडवतात. मे महिन्यातल्या पुण्याच्या उन्हाळ्यात मेणाचा नमुना टेबलावर पडून राहिला तर वाकतो, म्हणून तो तयार झाला की मी लगेच इन्व्हेस्टमेंटमध्ये, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या साच्याच्या मिश्रणात, पुरते. साच्याची ही रिंग भट्टीत ९०० अंशांच्या आसपास तापते, मेण जळून जातं आणि त्या पोकळीत वितळलेला कोबाल्ट-क्रोम शिरतो. १९०७ मध्ये अमेरिकेच्या टॅगर्ट यांनी दंतवैद्यकात रुळवलेली पद्धत ती हीच. कोबाल्ट-क्रोम थंड होताना दोन टक्क्यांहून थोडा जास्तच आकसतो. पाच सेंटीमीटरच्या फ्रेमवर्कमध्ये ही घट एक मिलिमीटरच्या वर जाते. ती भरून निघावी म्हणून इन्व्हेस्टमेंट मुद्दाम फुगणारं वापरतात. पण जबड्याच्या कमानीसारख्या वळणदार आकारात हे फुगणं सगळीकडे सारखं होत नाही. म्हणून लांब फ्रेमवर्क ओतून आलं की ते बसेलच, असं मी कधी धरून चालत नाही.

कास्टिंग साफ झालं की मॉडेलवर ठेवून फक्त एका टोकाचा स्क्रू आवळायचा आणि भिंगातून दुसऱ्या टोकाकडे बघायचं. ते टोक उचललं गेलं, बारीकशी काळी फट दिसली, तर फ्रेमवर्क नापास. हीच एका स्क्रूची परीक्षा. मग ते कापायचं, तुकडे तोंडात किंवा अचूक मॉडेलवर जागेवर बसवून पुन्हा जोडायचे आणि लेझरने वेल्ड करायचे. किती फट चालेल यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. ब्रॅनेमार्क यांनी १९८३ मध्ये १० मायक्रॉन सुचवले, तर १९९१ मध्ये स्वीडनच्याच जेम्ट यांनी १५० मायक्रॉनपर्यंत मोकळीक दिली.

आज टायटॅनियमच्या ठोकळ्यातून फ्रेमवर्क मिलिंग करून निघतं. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत सीएनसीवर सुटे भाग निघतात, तसंच. यात ओतकामाचं आकसणं टळतं, अचूकता वाढते. पण माप किंवा स्कॅन चुकलं असेल, तर यंत्र ती चूक तितक्याच अचूकपणे कोरून देतं. एका स्क्रूची परीक्षा त्यालाही चुकत नाही.

म्हणून पेशंटना माझी कळकळीची विनंती आहे. डॉक्टर ‘मेटल ट्रायल’साठी, म्हणजे दात चढवण्याआधी नुसतं फ्रेमवर्क तोंडात बसवून बघण्यासाठी, वेगळी खेप घालायला सांगतात तेव्हा ती टाळू नका, ‘एकदम दातच बसवा’ असा आग्रह धरू नका. स्क्रू आवळताना इम्प्लांटवर ओढ किंवा दाब जाणवला तर तिथेच सांगा. फ्रेमवर्क कापून पुन्हा जोडायला आणखी आठवडा लागणार असेल, तर तो आठवडा द्या. दात चढल्यानंतर ही दुरुस्ती कितीतरी अवघड आणि महाग होते.