शेंद्र्याची गाडी, फुलंब्रीचा रस्ता

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात युरोपीय बनावटीच्या गाड्या तयार व्हायला लागून पाव शतक उलटत आलं. शहराच्या पूर्वेला, जालना रोडवरच्या शेंद्रा एमआयडीसीत, २००१ मध्ये स्कोडाची ऑक्टाव्हिया जुळवायला सुरुवात झाली. त्याच शहराच्या उत्तरेला, सावंगी आणि चौका ओलांडलं की जेमतेम तीस किलोमीटरवर फुलंब्री लागतं. अजिंठा, जळगाव, बऱ्हाणपूरकडे जाणारी वाहतूक फुलंब्रीवरूनच जाते. गाडी हातात आली की ती मोकळ्या रस्त्यावर चालवून बघायला शहरातले लोक ज्या वाटांनी बाहेर पडतात, त्यातली ही एक जुनी वाट. या पंचवीस वर्षांत इथली गाडी बदलली, रस्ता बदलला आणि गाडीवर जीव लावणारा माणूसही बदलला. वेगाला लागणारी एक गोष्ट मात्र अजून आलेली नाही. ती का यायला हवी, हे सांगण्यासाठी हा मागोवा.

फियाटचे दिवस

शेंद्र्याचा कारखाना येण्याआधी फुलंब्री तालुक्यात चारचाकी म्हणजे जीप, कमांडर आणि प्रवाशांनी गच्च भरलेली काळी-पिवळी. एखाद्या डॉक्टरकडे किंवा अडत्याकडे फियाट असायची. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५४ पासून फियाट ११०० येऊ लागली आणि १९७४ पासून तीच परंपरा पद्मिनी या नावाने पुढे चालली. १०८९ सीसीचं इंजिन, ताकद जेमतेम चाळीस अश्वशक्तीच्या घरात आणि गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. परदेशी गाड्यांच्या आयातीवर कडक बंधनं होती. त्यामुळे त्या पिढीला स्पोर्ट्‌स कार विकत मिळत नव्हती, ती हाताने घडवावी लागायची.

आणि ती घडवली गेली. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या. तिथे फियाट घेऊन जाणारे हौशी लोक सिलिंडर हेड घासून कॉम्प्रेशन वाढवत, एकाच्या जागी दोन कार्बोरेटर बसवत, कॅमशाफ्ट बदलत, नको असलेली सीट आणि गालिचे काढून वजन उतरवत. या कामात संगणक नव्हता. मिस्त्रीचा कान आणि स्पार्क प्लगच्या टोकाचा रंग यांवरून इंजिनात पेट्रोल जास्त जातंय की हवा, हे ओळखलं जायचं. प्लग काळा पडला तर पेट्रोल जास्त, पांढरट दिसला तर कमी, विटकरी असला तर बरोबर. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये आजही जुने मिस्त्री हीच परीक्षा लावतात.

टर्बो आला

ऑक्टाव्हिया आली आणि चित्र पालटलं. तिच्या १.९ टीडीआय डिझेल इंजिनाची ताकद नव्वद अश्वशक्ती. आकडा मोठा नव्हता, पण कमी फेऱ्यांतच मिळणारा तिचा जोर त्या काळच्या मराठवाड्यातल्या चालकाला नवा होता. घाटात गिअर न उतरवता गाडी सरसर वर जायची. डिझेल म्हणजे ट्रॅक्टर-टेम्पोचं इंजिन, हा समज या गाडीने मोडला.

२००४ मध्ये ऑक्टाव्हियाची वेगवान आवृत्ती, ऑक्टाव्हिया आरएस, भारतात आली. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, दीडशे अश्वशक्ती, सोबत कडक सस्पेन्शन. टर्बोचं काम थोडक्यात असं : सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक पाती फिरते, तिच्याच दांड्यावरची दुसरी पाती बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जाळता येतं, म्हणून लहान इंजिनातून मोठी ताकद. त्याच घराण्याचं १.८ टर्बो इंजिन युरोपातल्या ऑडी टीटीमध्ये १८० आणि २२५ अश्वशक्ती देत होतं. इंजिनात ताकद दडलेली आहे, हे जाणकारांनी लगेच ओळखलं.

त्याच शेंद्र्याच्या कारखान्यात २००७ पासून ऑडी ए६ आणि नंतर ए४ जुळवल्या जाऊ लागल्या, फोक्सवॅगनची पसाटही आली. पुढे २०१७ मध्ये ऑक्टाव्हिया आरएस २३० आली. २.० लिटर, २३० अश्वशक्ती, शून्यातून शंभरचा वेग सात सेकंदांच्या आत, आणि किंमत पंचवीस लाखांच्या आत. युरोपातल्या अव्वल गाडीच्या तोडीचं काहीतरी इतक्या पैशात मिळतंय म्हटल्यावर मर्यादित संख्येतल्या त्या गाड्या हातोहात गेल्या. २०२० मध्ये आलेली २४५ अश्वशक्तीची आरएस मात्र तयार अवस्थेतच आयात झाली. फक्त दोनशे गाड्या, किंमत छत्तीस लाखांच्या आसपास. २०२५ मधली आरएस शंभरच, तीही आयात केलेली आणि पन्नास लाखांच्या घरातली. वीस वर्षांत या नावाची ताकद दीडशेवरून २६५ अश्वशक्तीवर गेली आणि ती सामान्य शौकिनाच्या हातातून निसटलीही.

त्याच वेळी दुसरी गोष्ट घडली. २०२२ मध्ये चाकणहून आलेल्या स्लाव्हिया आणि व्हर्टस या घरगुती गाड्यांच्या १.५ लिटर इंजिनाची ताकद दीडशे अश्वशक्ती आहे. २००४ मध्ये जी ताकद स्पोर्ट्‌स कारची म्हणून मिरवली जायची, ती आता मुलांना शाळेत सोडणाऱ्या गाडीत आली. वेग स्वस्त झाला. तो सांभाळण्याची अक्कल मात्र गाडीसोबत मिळत नाही.

दीडशे मर्सिडीज आणि एक धडा

२०१० च्या ऑक्टोबरात तेव्हाच्या औरंगाबादने देशाचं लक्ष वेधलं. शहरातले उद्योजक, व्यावसायिक, डॉक्टर एकत्र आले आणि जवळपास दीडशे मर्सिडीज-बेंझ गाड्या त्यांनी एकाच वेळी घेतल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटींचा. एकत्र खरेदीमुळे किमतीत सवलत मिळाली, स्टेट बँकेने कमी व्याजाने कर्ज दिलं. मागासलेला मराठवाडा, ही ओळख पुसायची आणि गुंतवणूकदारांनी आपल्याकडे बघावं, हा त्यामागचा हेतू होता. त्या खरेदीवर टीकाही झाली. दुष्काळी भागात ही उधळण कशाला, असं विचारलं गेलं. तो प्रश्न रास्त होता. पण या घटनेतून एक गोष्ट सिद्ध झाली, आणि तिचं मोल मला गाड्यांपेक्षा जास्त वाटतं. हे शहर मनात आणलं तर एकत्र येऊ शकतं.

ग्रामीण भागातली गाडी वेगळ्या वाटेने आली. फुलंब्री, खुलताबाद, कन्नडच्या पट्ट्यातल्या अद्रकीला चांगला भाव मिळाला त्या वर्षी दारात नवी गाडी उभी राहिली. समृद्धी महामार्गात जमिनी गेल्या, त्या मोबदल्यातूनही गाड्या आल्या. पहिली गाडी बहुतेक वेळा उंच, दणकट, शेतरस्त्याला चालणारी असते. पण त्याच घरातला मुलगा आता पोलो जीटी किंवा जुनी ऑक्टाव्हिया शोधतो, ‘एमएच-२० पासिंग, सिंगल ओनर’ असेल तर अधिकच खूश होतो, आणि गाडी हाती येताच रीमॅपची चौकशी करतो.

रीमॅप आणि कायदा

गाडीत बदल करणं हे या शौकाचं काळीज आहे. फियाटच्या काळात हेड घासायचे, आता लॅपटॉप जोडतात. इंजिनाच्या संगणकात किती पेट्रोल सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, टर्बोने किती दाब धरायचा याचे तक्ते असतात. ते बदलणं म्हणजे रीमॅप; त्याने ताकद वाढते. काम तासाभराचं, म्हणून सोपं वाटतं. पण वाढलेल्या दाबाचा ताण क्लचवर आणि गिअरबॉक्सवर पडतो, इंजिनही जास्त तापतं. आपल्या पंपांवरच्या साध्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक बरीच वर्षं ९१ होता. वरच्या अंकाच्या युरोपीय पेट्रोलसाठी केलेला तक्ता त्याहून कमी अंकाच्या पेट्रोलवर तसाच चढवला, तर इंजिनात अवेळी स्फोट होतात आणि पिस्टनचं आयुष्य संपतं. चांगला ट्यूनर आधी गाडीची तब्येत बघतो, मग लॅपटॉप उघडतो.

बदलांचा क्रमही उलटा हवा. आधी टायर, मग ब्रेक, मग सस्पेन्शन आणि सर्वांत शेवटी ताकद. वेग दीडपट झाला की ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा सव्वादोन पट होते. ताशी १२० च्या वेगाने गाडी एका सेकंदात तेहतीस मीटर जाते, म्हणजे पाय ब्रेकवर पडेपर्यंतच एवढं अंतर संपलेलं असतं. हे गणित ज्याला कळलं, तो सायलेन्सरचा आवाज वाढवण्यात पैसे घालत नाही.

कायदाही आता स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सांगितलं, की उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. विमा कंपनीला न सांगितलेला बदल अपघातानंतर दावा नाकारायला कारण ठरू शकतो. मला हा कायदा मान्य आहे, पण अपुरा वाटतो. चांगले ब्रेक, दर्जेदार शॉक-अॅब्सॉर्बर, योग्य मापाचे टायर अशा सुरक्षितता वाढवणाऱ्या बदलांना तपासून मान्यता देण्याची सोपी वाट असायला हवी. सीएनजी किटला मान्यता मिळते तशी ती मिळू शकते. वाट नसली की शौक गल्लीतल्या अंधाऱ्या गॅरेजकडे वळतो आणि धोका वाढतो.

जुनं ते जपायचं

जुन्या गाड्यांना मात्र सरकारने रीतसर मान दिला. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात फारसा बदल न केलेल्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. नव्या नोंदणीला वीस हजार, नूतनीकरणाला पाच हजार शुल्क, मुदत दहा वर्षं. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन यांसाठीच ती रस्त्यावर आणायची. १९७५ मध्ये पासिंग झालेली पद्मिनी २०२५ मध्ये या मानाला पात्र झाली. आपल्या तालुक्यांत गोठ्याशेजारी, ताडपत्रीखाली अशा गाड्या अजून असतील. त्या भंगारात जाण्याआधी त्यांचे कागद शोधा, मूळ सुटे भाग फेकू नका, रंग बदलण्याची घाई करू नका.

मला खरी काळजी वाटते ती ऑक्टाव्हियाच्या पहिल्या पिढीची. ही आपल्या जिल्ह्यात घडलेली गाडी आहे. तिच्यातल्या सुरुवातीच्या गाड्यांनी विशी ओलांडली. फियाटचा कार्बोरेटर हातोडी-पान्याने दुरुस्त होतो. या गाडीचे सेन्सर, वायरिंग आणि कंट्रोल युनिट मिळेनासे झाले, की धडधाकट इंजिन असूनही गाडी थांबते. २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारच्या पुनर्नोंदणीचं शुल्क दहा हजारांवर गेलं आहे. मूळ स्थितीतली एखादी ऑक्टाव्हिया आरएस शेंद्र्यात किंवा शहरातल्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयात कायमची जपली जायला हवी. आपण काय घडवलं, हे पुढच्या विद्यार्थ्यांना हात लावून बघता आलं पाहिजे.

रस्ता आला, आता जागा हवी

फुलंब्रीच्या रस्त्याने वर्षानुवर्षं परीक्षा घेतली. जळगाव रस्त्याचं रुंदीकरण आणि काँक्रिटीकरण रखडत चाललं, त्या काळात खड्डे आणि धूळ यांतून जाताना कडक सस्पेन्शनची गाडी घेतल्याचा पश्चात्ताप अनेकांनी केला. आता चित्र वेगळं आहे. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा. ७०१ किलोमीटरचा हा मार्ग आहे आणि कारला ताशी १२० ची मर्यादा. फुलंब्रीकरांना त्यावर चढायला सावंगीचा इंटरचेंज हाताशी आहे.

पण समृद्धी ही शर्यतीची जागा नाही. तिथल्या अपघातांनी हे क्रूरपणे शिकवलं. उन्हात तापलेलं काँक्रीट, तासन्‌तास एकसारखा वेग आणि टायरमध्ये कमी हवा, एवढं एकत्र आलं की टायर फुटतो. हवा कमी असली की टायरची बाजू सतत दुमडते, दुमडल्याने तापते, तापल्याने आतले थर सुटतात. म्हणून निघण्याआधी टायर थंड असताना हवा बघा. टायर कधी बनला ते सांगणारे, त्याच्यावरच्या कोडमधले शेवटचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. नक्षी शाबूत असली तरी जुना झालेला रबर विश्वासाचा नसतो.

वेगाची हौस कायद्याने किंवा उपदेशाने मरत नाही. तिला जागा द्यावी लागते. मद्रास मोटर स्पोर्ट्‌स क्लबने शहराजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला स्वतःचा ट्रॅक उभारला, तो १९९० मध्ये सुरू झाला आणि शोलावरमच्या धावपट्टीवरची हौस सुरक्षित जागी गेली. कोइंबतूरचा कारी ट्रॅक दोन किलोमीटरच्या जरा वर आहे, पण त्याने देशाला चालक दिले. आपल्या महाराष्ट्रात कोल्हापूरजवळच्या मोहितेज रेसिंग अकादमीच्या कार्टिंग ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या. लहान गावाजवळचा छोटा ट्रॅकही काय करू शकतो, ते त्यातून दिसतं. मोटारी घडवणाऱ्या आपल्या जिल्ह्यात कारच्या शर्यतीचा ट्रॅक मात्र नाही.

आपल्या जिल्ह्यात कारखाना आहे, समृद्धीचा इंटरचेंज आहे, शेंद्रा-बिडकीनला औद्योगिक जमीन आहे, बिडकीनला टोयोटा-किर्लोस्करचा मोठा प्रकल्प जाहीर झालेला आहे. अभियांत्रिकीची मुलं आहेत, हाताला जादू असलेले मिस्त्री आहेत. दोन-तीन किलोमीटरचा ट्रॅक झाला तर तिथे रविवारी हौशी गाड्या धावतील, एरवी रुग्णवाहिकेचे, एसटीचे आणि पोलिसांचे चालक घसरत्या रस्त्यावर गाडी सांभाळायला शिकतील, कंपन्या चाचण्या घेतील. ट्यून केलेल्या गाड्यांची तपासणीही तिथेच होऊ शकेल. २०१० मध्ये ज्या शहराने एकजुटीने ६५ कोटींच्या गाड्या घेतल्या, त्याच्याकडे हे काम सुरू करण्याइतके पैसे आणि हिंमत दोन्ही आहेत. उद्योजकांच्या संघटनांनी, गाडीप्रेमींनी आणि औद्योगिक विकास महामंडळाने एका टेबलाभोवती बसावं आणि जागेचा प्रस्ताव तयार करावा. पुढच्या पंचवीस वर्षांचा मागोवा कुणी लिहील, तेव्हा त्यात या ट्रॅकच्या उद्‌घाटनाची तारीख असली पाहिजे.