पुजारी नसलेले प्रार्थनामंदिर

देऊळ म्हटले की पुजारी आला, चर्च म्हटले की पाद्री आला. मग यहुदी लोकांच्या प्रार्थनामंदिरात, म्हणजे सिनेगॉगमध्ये, कोण असतो? याचे उत्तर ऐकून तुम्हांला थोडे नवल वाटेल. तिथे पुजारी असा कोणी नसतोच. तेरा वर्षांवरचे दहा पुरुष जमले की जुन्या रीतीप्रमाणे सामुदायिक प्रार्थना होऊ शकते. त्यांतला जो कोणी जाणता असेल त्याने पुढे व्हावे, इतकेच.

पूर्वी असे नव्हते. यरुशलेम शहरात यहुद्यांचे एकच महामंदिर होते. तिथे अर्पणे होत, आणि ती करण्याचा अधिकार मोशेचा भाऊ अहरोन याच्या वंशजांना होता. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने ते मंदिर पाडले. मंदिर गेले, त्याबरोबर अर्पणेही थांबली आणि पुरोहितांचे मुख्य काम संपले. लोक देशोदेशी पांगले. त्यांच्या हाती उरला तो धर्मग्रंथ. आता ग्रंथ म्हटला की तो वाचणारा हवा, समजावून सांगणारा हवा. म्हणून पुरोहिताच्या जागी शिक्षक आला.

या शिक्षकाला 'रब्बी' म्हणतात. रब्बी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे हरभरा आणि गहू उभा राहील! पण त्या हंगामाचा आणि याचा काही संबंध नाही. हिब्रू भाषेत रब्बी म्हणजे 'माझे गुरुजी'. ग्रंथाचा आणि धर्मशास्त्राचा अभ्यास करून तो ही पदवी मिळवतो. आहारात काय चालते, काय चालत नाही, घटस्फोट रीतसर झाला की नाही, असल्या प्रश्नांचा निर्णय तो देतो. त्याच्याकडे विद्या असते, म्हणून त्याचा शब्द चालतो.

दुसरा माणूस म्हणजे हझान. प्रार्थना चालीवर म्हणणे हे त्याचे काम. दर शनिवारी तोराचा, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांचा, नेमून दिलेला भाग वाचावयाचा असतो, आणि साधारण वर्षभरात सगळी तोरा वाचून पुरी होते. ती चामड्याच्या गुंडाळीवर हाताने लिहिलेली असते आणि तिच्यात स्वरांच्या खुणा नसतात. गुरुजी, फळ्यावर काना-मात्रा-वेलांटीशिवाय नुसते 'वर' लिहून पाहा. ते वार वाचावे, वारा वाचावा, वीर की वैर? तोरा वाचणाऱ्यापुढे प्रत्येक ओळीत हीच अडचण असते. ती सोडवावयाची तर लहानपणापासून कोणाजवळ तरी बसून पाठ घ्यावे लागतात. म्हणून मुलांना शिकवणारा नसेल तर एका पिढीतच वाचन बंद पडेल.

आता आपल्या कोकणात येऊ. अलिबाग, पेण, रोहे, पनवेल या भागात बेने इस्राएल लोक शतकानुशतके राहत आले. तेल गाळण्याचा धंदा, आणि शनिवारी घाणा बंद. म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांची आडनावे किहीमकर, राजपूरकर, दिवेकर अशी, आणि भाषा आपली मराठी. पण या समाजात रब्बी असा कोणी नव्हता. हिब्रू विसरली होती, ग्रंथही हाताशी नव्हते. राहिले होते ते शनिवारचा विसावा, सुंता, खवले आणि पर असलेलेच मासे खाणे, आणि 'शेमा' ही देव एक असल्याची ग्वाही.

मग ही मंडळी टिकली कशी? समाजाची परंपरा अशी सांगते, की दाविद राहाबी नावाचा एक परदेशी यहुदी कोकणात आला. हे लोक खरोखर यहुदी आहेत का हे पाहण्यासाठी त्याने बायकांपुढे तऱ्हेतऱ्हेचे मासे ठेवले. त्यांनी खवल्यांचे मासे तेवढे वेगळे काढले. त्याची खात्री पटली आणि त्याने काही तरुणांना शिकवून तयार केले. हा राहाबी कोणत्या काळातला याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण त्याने तयार केलेल्यांना 'काजी' म्हणू लागले. हे काजी गावोगाव फिरून लग्ने लावीत, तंटे तोडीत. पुढे सॅम्युएल इझिकेल दिवेकर या लष्करी अंमलदाराने १७९६ साली मुंबईत समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले, तेव्हा कारभारासाठी माणसे आली, त्यांतली काही आपल्या गावगाड्यातली नावे घेऊन. मुकादम प्रमुख, चौगुला त्याचा जोडीदार, गबई खजिन्यावर, समाश झाडलोट-दिवाबत्ती पाहणारा.

एकोणिसाव्या शतकात कोचीनच्या यहुद्यांनी येऊन हिब्रू प्रार्थना शिकवल्या. पाद्री जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले. त्यांचा हेतू धर्मांतराचा होता. लोकांनी व्याकरण घेतले आणि धर्म आपला ठेवला! नंतर समाजातलेच शिक्षक पुढे आले. जोसेफ इझिकेल राजपूरकर हे मुंबईतल्या शाळेचे मुख्याध्यापक. त्यांनी हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ साली मुंबईत शाळा काढली आणि समाजाचा इतिहासही लिहिला. आणि ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी? त्यांच्यासाठी कीर्तने सुरू झाली. आख्यान अब्राहामाचे किंवा योसेफाचे, पण साकी, दिंडी आणि ओव्या आपल्या मराठी.

रब्बी नसल्याची किंमत मात्र या लोकांना पुढे मोजावी लागली. १९४८ साली इस्राएल राष्ट्र झाले आणि पुष्कळ कुटुंबे तिकडे गेली. तिथे विवाहाची नोंद रब्बींच्या हाती. तुमच्याकडे रब्बी नव्हते, मग पूर्वीचे घटस्फोट शास्त्राप्रमाणे झाले कशावरून, असा प्रश्न तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने उभा केला. कारण आईचा पहिला विवाह रीतसर सुटलेला नसेल, तर दुसऱ्या विवाहाच्या मुलांच्या लग्नाला शास्त्राची आडकाठी येते. बेने इस्राएलांच्या आईकडच्या पिढ्या तपासून पाहा, असा आदेश निघाला. ज्यांनी कोणी न सांगता शेकडो वर्षे शनिवार पाळला, त्यांनाच आता दाखला मागितला! लोक निदर्शनांना बसले. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने हे सर्वार्थाने यहुदीच आहेत असे जाहीर केले आणि त्या आदेशातून बेने इस्राएलांचे नाव काढावे लागले.

यावरून शास्त्र जाणणारा नकोच, असा अर्थ कोणी काढू नये. तो असता तर हा प्रसंग कदाचित आला नसता. पण नुसत्या शास्त्राने समाज जगत नाही. तो जगला तो त्या फिरस्त्या काजींनी, हझानांनी, शाळामास्तरांनी, आणि स्वयंपाकघरात मासे निवडणाऱ्या बायकांनी. मुलांचे पहिले शिक्षण तिथेच झाले, हे विसरून चालणार नाही.

आज भारतात हे लोक काही हजारच उरले आहेत. कोकणातली कित्येक सिनेगॉग्ज एरवी बंद असतात, कारण दहा माणसे जमत नाहीत. अलिबागेस किंवा रेवदंड्यास मुलांची सहल नेलीत, तर तिथले सिनेगॉग आधी परवानगी घेऊन जरूर पाहा. आत मूर्ती नाही. तोरा ठेवण्याचे कपाट आहे आणि मधोमध वाचण्यासाठी उंच कठडा आहे. त्या कठड्यावर उभे राहून वाचावयास या माणसाला कोणी शिकवले असेल, हे मुलांना विचारा. उत्तर त्यांनी शोधू द्या.